भिंतीवर ठोकलेली डिग्री

किस्से काही माणसांना जमवावे लागतात. होम सायन्स शिकवणाऱ्या बाईला ती मेहनत नाही. लोक घरपोच आणून देतात! लग्नात भेटलेला पाहुणा, एसटीतला शेजारी, बँकेतला क्लार्क, कुणीही. "काय शिकवता?" असं विचारलं आणि मी उत्तर दिलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "म्हणजे स्वयंपाक?" इतक्या वर्षांत हे इतकं साठलंय की कुंदाकडे दौंडला आम्ही तिघी बसलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत.

तिघी म्हणजे मी, कुंदा आणि हौसाबाई. शिरूरच्या आमच्या कॉलेजात नव्वदच्या दशकात बी.एस्सी. होम सायन्स सुरू झालं तेव्हा मी आणि कुंदा तिथं शिकवायला लागलो आणि हौसाबाई लॅब अटेंडंट म्हणून आल्या. कुंदाचा नवरा रेल्वेत, घर दौंडला, त्यामुळे ती रोज एसटीनं अप-डाउन करायची. आमचा विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, सहा शेगड्या, चार शिलाई मशीन, एक वजनकाटा आणि हौसाबाईंच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या.

परवा माझ्या भाच्यानं विचारलं, "मावशी, तुझ्या त्या डिग्रीची व्हॅल्यू काय गं? म्हणजे पैशात?"

पोरगा इंजिनिअर. त्याला सगळं पैशात लागतं. मी आधी भडकले. मग म्हटलं, बरोबर विचारतोय की! हा प्रश्न मला आख्ख्या तालुक्यानं विचारलाय, यानं तर निदान हसत हसत विचारला. तर ऐका, पैशातच सांगते.

* * *

पहिला किस्सा माझ्याच इंटरव्ह्यूचा.

पॅनलवर पाच जण. मधल्या खुर्चीत नाना. नाना म्हणजे संस्थेच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष. मोठे बागायतदार, शिरूरपासून जवळच त्यांचा मळा. पांढरे कडक कपडे, कानाला थोडे कमी आणि म्हणून आवाज मोठा. मनानं वाईट नाहीत. हे शेवटचं वाक्य मी आज जरा शांत आहे म्हणून लिहितेय.

माझ्या आधी केमिस्ट्रीचा उमेदवार आत गेला. त्याला कसल्या कसल्या अभिक्रिया विचारल्या, अर्धा तास सोडला नाही बिचाऱ्याला. मग मी गेले. पोषणशास्त्रात एम.एस्सी., फर्स्ट क्लास, फाइल छातीशी धरलेली.

नानांनी फाइल उघडलीच नाही. "पुरणपोळी येती का?"

मी गोंधळले. "येते."

"फाटती का?"

"नाही."

नाना बाकीच्यांकडं वळले. "घ्या मग!"

झाली नेमणूक. ऑर्डर हातात पडल्यावर कळलं की केमिस्ट्रीच्या सरांना पूर्ण पगार आणि मला तासावर. तास झाला तर पैसे. दिवाळी, उन्हाळा, ताप, बाळंतपण, काही नाही. मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, दोघंही एम.एस्सी. मग हा फरक का?"

"मॅडम, त्यांना लॅब आहे. प्रॅक्टिकल्स असतात."

"मलाही लॅब आहे. मलाही प्रॅक्टिकल्स आहेत."

प्राचार्य मनापासून हसले. "अहो, तुमचं ते स्वयंपाकघर आहे!"

आणि एकदा स्वयंपाकघर म्हटलं की चहा आलाच. कॉलेजात कुणीही आलं की शिपाई मागच्या दोन खोल्यांकडं पळायचा. समितीची मीटिंग असली की जेवणही आमच्याकडून. "प्रॅक्टिकल समजा," प्राचार्य म्हणायचे. बी.एस्सी.ला बसलेल्या मुली वर्ग सोडून समितीला वाढायच्या आणि पुरणपोळी खरंच फाटायची नाही. चीड याची येते की मीही तेव्हा गप्प बसून तूप वाढलंय.

* * *

हौसाबाईंचा किस्सा छोटा आहे, पण मला तो अजून झोंबतो.

हौसाबाई मेंढपाळांच्या घरातल्या. आजोबा आयुष्यभर कळपामागं फिरले, वडिलांनी जमीन कसायला घेतली तेव्हा कुठं घराला दार आलं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. पण त्यांची पोस्ट मंजूर होती, कायम होती. त्यामुळे एक तारखेला व्हायचं असं की हौसाबाईंचा पगार माझ्यापेक्षा जास्त! कुंदापेक्षाही जास्त. मे महिन्यात तर आमचा शून्य.

तर दर एक तारखेला हौसाबाई स्टँडवरून भेळ आणायच्या. तीन पुडे. आमचे पैसे घ्यायच्या नाहीत.

एकदा कुंदा म्हणाली, "हौसाबाई, दर वेळी तुम्हीच का? आम्ही मॅडम ना?"

हौसाबाईंनी पुडा सोडला. "मॅडम हाय म्हणून तर! तुमी मला शिकिवता, आन् पगार मला जास्त. ह्यो देवाचा न्याव न्हाई, संस्थेचा हाय. खावा गपगुमान, कांदा मऊ पडंल."

* * *

आता प्रॅक्टिकल परीक्षेचा.

आमच्या परीक्षेत मुली चिठ्ठी उचलतात. स्टीलच्या वाडग्यात चिठ्ठ्या, हौसाबाई वाडगा धरून उभ्या. चिठ्ठीत येईल ते दोन तासांत करायचं. गरोदर बाईचा आहार, सहा महिन्यांच्या बाळाचं पहिलं खाणं, ब्लड प्रेशरवाल्याचं जेवण. नुसतं शिजवायचं नाही. प्रत्येक जिन्नस तोलायचा, कॅलरीज काढायच्या, का हे आणि का ते नाही, हे परीक्षकांना सांगायचं.

त्या वर्षी टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, सविता नावाची मुलगी होती. कवठे येमाईची, कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याची. हुशार, आणि हट्टी. तिला चिठ्ठी आली: 'पंचावन्न वर्षांच्या मधुमेही व्यक्तीसाठी दुपारचे जेवण तयार करा.' पोरीनं भाकरीचं पीठ तीनदा तोललं. मेथी, मटकीची उसळ, काकडी, ताक, सगळं मापात. ताट झाकून टेबलावर ठेवलं आणि तक्ता लिहायला बाजूच्या खोलीत गेली.

पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडम हात धुऊन आल्या, झाकण उचललं. ताट रिकामं!

नुसतं रिकामं नाही, चाटूनपुसून. मी स्टाफरूममध्ये धावले. इतिहासाचे सर मिशीला लागलेलं ताक पुसत होते. आमच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी स्टाफरूम डबे आणत नाही, ही कॉलेजातली जुनी रीत. वास आला की कुणीतरी येतं आणि झाकणं उचलून बघतं.

"सर, ती परीक्षा होती!"

"असं होय?" सर म्हणाले. "तरीच मीठ कमी वाटलं."

सविता दारात उभी होती. तिच्या हातात तक्ता. मला त्या दिवशी इतका संताप आला की मी सगळ्या स्टाफरूमसमोर ओरडले, "केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचं कधी कुणी पिऊन टाकतं का हो?"

 केमिस्ट्रीचे सर पेपर वाचायला लागले. सविताला परीक्षक मॅडमनी तक्त्यावर मार्क दिले. पैकीच्या पैकी. ती पहिली आली.

* * *

पहिली आलेल्या मुलीचं काय करतात? लग्न करतात.

सविताला बघायला पाहुणे येणार म्हणून तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मला मुद्दाम बोलावलं. "मॅडम, तुमी असा तिथं. डिग्री काय हाय ते पाव्हण्यास्नी नीट सांगा. मला सांगाया येत न्हाई."

मी कवठ्याला गेले. आणि पाहुणे म्हणून जीपमधून उतरलं कोण? नाना! धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला आलेले.

"शिक्षण?" नानांनी विचारलं.

"बी.एस्सी.," सविता म्हणाली.

"व्वा! सायन्स! कशात?"

"होम सायन्स. तुमच्याच कॉलेजात, नाना."

नाना जरा थांबले. "व्हय व्हय. त्या मागल्या दोन खोल्या."

मुलगी पसंत पडली. मग देण्याघेण्याची बैठक. हुंडा म्हणायचं नाही, कायदा आहे. देणंघेणं म्हणायचं. मध्यस्थ मामा मांडी घालून बसले. आप्पा भीत भीत म्हणाले, "पोरीला पदवीपतूर शिकवलंय. त्याचं काय तरी धरा."

मामांकडं दर तयार होता. बोटांवर मोजत त्यांनी सांगितलं, "डी.एड. असती तर एक रुपाया मागितला नसता. घरात पगार येतोय. नर्स असती तर निम्मं. बी.ए. असती तरी थोडं खाली आलो असतो, उद्या बी.एड. करंल. पन हे..."

"ह्याचं काय धरायचं?" नाना म्हणाले. "हे तर पोरी आईजवळ फुकाट शिकत्यात."

मी मध्ये बोलले. बायकांनी बैठकीत बोलायचं नसतं, पण बोलले. म्हटलं, "नाना, ही पोर आजारी माणसाचं पथ्य ठरवते. शंभर मुलांच्या वसतिगृहाची मेस चालवू शकते. कुठलं बाळ अशक्त आहे ते मोजून सांगते. हे कुठल्या आईनं फुकट शिकवलंय?"

नानांनी मला हात जोडले. "मॅडम, तुमचा विषय लई चांगला हाय. पन सूट बसत न्हाई."

भाच्या, लिहून घे. डी.एड.ला पूर्ण सूट, नर्सला निम्मी, बी.ए.ला थोडी आणि आमच्या डिग्रीला शून्य! व्हॅल्यू विचारत होतास ना? इतकी स्वच्छ मला कुणीच सांगितली नव्हती.

आप्पा मला एसटीला बसवायला आले. गाडी येताना दिसली. मग म्हणाले, "मॅडम, मंग तीन वरीस एसटीचा पास कशापायी काढला आमी?"

 सविताच्या लग्नात मी जेवले, आहेर केला, हसून फोटोसुद्धा काढला. पण आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर आजही माझ्याकडं नाही.

* * *

कुंदाला वाटलं, कॉलेज देत नाही तर कंपनी देईल. त्या सुमारास पुण्याच्या बाजूला रस्त्यालगत नव्या नव्या कंपन्या उठत होत्या आणि गावागावातली पोरं शिफ्टचे शर्ट घालून फिरायला लागली होती. एका कंपनीला कँटीन सुपरवायझर पाहिजे होता. कुंदानं अर्ज केला.

एच.आर.चा साहेब म्हणाला, "मॅडम, आम्हाला कुक नको, सुपरवायझर पाहिजे."

"मी सुपरवायझरसाठीच आलेय."

"हो, पण तुमचं क्वालिफिकेशन कुकचं आहे ना?"

घेतलं कुणाला? हायवेवरच्या एका ढाब्याच्या मॅनेजरला! दहावी नापास, पण 'माणसं हँडल करतो'. पगार कुंदाच्या कॉलेजच्या कमाईच्या चौपट.

दोन महिन्यांनी त्याच एच.आर.चा फोन. रात्रपाळीची निम्मी शिफ्ट उलट्या करत होती. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, पण रोज नवी माणसं आजारी. "मॅडम, जरा येऊन बघता का?"

कुंदा गेली. मी म्हटलं होतं जाऊ नकोस. पण ती म्हणाली, माणसं आजारी आहेत गं. कँटीनमध्ये शिरली आणि थेट भाताच्या पिंपाशी गेली. रात्रीचा उरलेला भात झाकून तसाच ठेवायचे, आणि सकाळी त्यातच नवा भात ओतायचे. मे महिना, पत्र्याचं छप्पर. "हे आधी फेकून द्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून उलट्या बंद.

डॉक्टरला चेक गेला. कुंदाचा मात्र कंपनीनं सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण: "आमच्या ताई घरच्यासारख्या धावून आल्या!"

दुसऱ्या दिवशी कुंदानं ती शाल आणि नारळ आणून लॅबच्या टेबलावर आदळला. हौसाबाईंनी नारळ हलवून बघितला. "पानी बी न्हाई त्यात!"

* * *

सविताचं पुढं काय झालं ते सांगते. हा किस्सा सांगताना मला धड हसू येत नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि नानांना साखर निघाली. भरपूर. पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. सविताने घरात वजनकाटा आणला. पीठ तोलून भाकरी. भात बंद नाही, पण मोजून. चहाची साखर हळूहळू, नानांना कळणार नाही अशी कमी केली. सहा महिन्यांत साखर ताब्यात!

डॉक्टर चकित. "नाना, कुठला डाएटिशियन लावलाय?"

"डायटिशन कशाला? घरची सून हाय की!"

डॉक्टर शहाणे. शिरूरला त्यांच्या मित्राचं नवीन हॉस्पिटल उघडणार होतं, तिथं अशीच मुलगी हवी होती. पगार चांगला, वेळ दिवसाची. त्यांनी तिथल्या तिथं विचारलं. नानांनी हसून टाळलं आणि जीपमध्ये बसल्यावर सांगितलं, "आमच्या घरच्या सुना पगार आणत न्हाईत."

आणि साखर उतरली म्हणून केलं काय? कवठ्याला येमाईच्या देवळात नारळ फोडला आणि गावात पेढे वाटले! पाच किलो. "देवीच्या कृपेनं साखर उतरली," ज्याच्या त्याच्या हातावर पेढा ठेवत सांगत होते. एक स्वतःही खाल्ला.

त्या संध्याकाळी सविताचा मला फोन आला. रडत नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं, "मॅडम, डिग्री सर्टिफिकेटची डुप्लिकेट मिळते का हो?"

"का गं, हरवलं?"

"नाही. हॉस्पिटलला अर्ज करायचाय. झेरॉक्स पाहिजे. पण ओरिजिनल भिंतीवर आहे."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. लग्नानंतर डिग्री पोस्टानं आली, तेव्हा नानांनी तिला फ्रेम केली. सोनेरी. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, चार खिळे मारून ठोकली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, 'आमची सून बी.एस्सी. हाय'. नंतर एकदा मी स्वतः पाहिली ती फ्रेम. आता झेरॉक्स काढायची तर फ्रेम उतरवावी लागणार. फ्रेम उतरवली की भिंतीवर चौकोन दिसणार. चौकोन दिसला की सगळं घर विचारणार, कशाला?

"डुप्लिकेटला सहा महिने लागतात," मी म्हटलं. "आणि त्या अर्जात हरवल्याचं लिहून द्यावं लागतं."

"हरवली नाहीये ना पण," सविता म्हणाली. "समोर दिसतेय."

ज्या डिग्रीला लग्नात छदामाची सूट नव्हती, तिला भिंतीवर सोन्याची चौकट! मी फोन ठेवला आणि एकटीच घरात शिव्या घातल्या. मला येतात शिव्या. शिरूरला वीस वर्षं काढलीत.

* * *

आता शेवटचा. विभाग बंद झाला हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा धरून ऐकणार नाही. आज त्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आहेत. कुंदा दौंडला पाळणाघर चालवते आणि कॉलेजपेक्षा जास्त मिळवते. हा किस्सा विभाग बंद झाला त्या दिवसाचा.

समितीची मीटिंग अकराला. विषय एकच. प्राचार्यांनी मला सकाळी बोलावलं. वाटलं, आमची बाजू ऐकणार. मी रात्रभर बसून काढलेली यादी घेऊन गेले, आमच्या मुली कुठं कुठं काम करतात त्याची. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सहा जण आहेत. नेहमीसारखं जेवण एक वाजता. नानांचं पथ्याचं बघा."

मी दोनदा विचारलं. "सर, आमचा विभाग बंद करायच्या मीटिंगचं जेवण आम्हीच करायचं?"

"मग कोण करणार?" ते खरंच गोंधळले होते. त्यांच्या डोक्यात दुसरं कुणी आलंच नाही!

मी यादी तिथंच टेबलावर ठेवली आणि लॅबमध्ये गेले. कुंदाला सांगितलं.  हौसाबाईंनी सगळं ऐकलं, कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि कपाटातून चिठ्ठ्यांचा स्टीलचा वाडगा काढला.

एक वाजता मंडळी आली. हात पुसत, गप्पा मारत. ठराव वाचून झाला होता, सह्या तेवढ्या जेवणानंतर करायच्या होत्या. प्राचार्यांच्या हातातल्या कागदावरची ओळ मी उभ्या उभ्या वाचली: 'सदर विषय मुली घरीच शिकत असल्याने व त्यास आर्थिक मूल्य नसल्याने...'

टेबलांवर ताटं नव्हती. सहा शेगड्यांपुढं सहा ट्रे. प्रत्येकात ज्वारीचं पीठ, मटकी, मेथीची जुडी, काकडी, दही, तेलाची वाटी. मध्ये वजनकाटा.

"हे काय?" नाना म्हणाले.

हौसाबाईंनी वाडगा पुढं केला. "उचला चिठ्ठी, नाना."

मंडळी हसली. सगळ्यांना गंमत वाटली. नानांनी चिठ्ठी उचलली, चष्मा लावून मोठ्यानं वाचली: 'पंचावन्न वर्षांच्या मधुमेही व्यक्तीसाठी दुपारचे जेवण तयार करा. वेळ दोन तास.' दुसऱ्यानं उचलली. तेच. तिसऱ्यानं उचलली. तेच. सहाही चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता.

"मॅडम, चेष्टा पुरे," प्राचार्य म्हणाले. "वाढा आता."

"चेष्टा नाही, सर," मी म्हटलं.  "घरीच शिकता येतं असा ठराव केलात ना? तुम्ही सगळे घरीच राहता. करा."

कुंदानं सहाच्या सहा शेगड्या पेटवल्या. एक सभासद दाराकडं सरकले. दारात हौसाबाई. इतिहासाचे सर वासानं आले होते, ते खिडकीतूनच परत गेले.

नानांनी मेथीची जुडी उचलून परत ठेवली. जेवणाची वेळ टळत चालली होती. मी रागावले होते तरी बाई त्याच विषयाची, त्यांच्यापुरत्या दोन भाकरी आणि उसळ कपाटात झाकून ठेवली होती. पण ती मी लगेच काढली नाही.

"मला भाकरी किती चालती?" नानांनी मला हळूच विचारलं. "म्हंजी, मोजून किती?"

"वर्षभर रोज खाताय, नाना."

"ते सविता बघती."

"ते टीवायला असतं," मी म्हटलं.

 मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. तेव्हा मोबाइल नवीन होता आणि नाना कानाला कमी, त्यामुळे पलीकडचा आवाज सगळ्या लॅबला ऐकू यायचा. घरी फोन लावला. त्यांच्या मंडळींनी, सविताच्या सासूबाईंनी, उचलला.

"अगं, सविताला दे जरा. मला दुपारला भाकरी किती आन् डाळ किती, ती तोलून देती ना, ते इचार."

"सविता कुठनं देऊ?" नानांची मंडळी म्हणाली. "ती सकाळच्या गाडीनं शिरूरला गेली की. भिंतीवरची फ्रेम पिशवीत घालून."